पोट भरलेलं, जबडा मऊ: पुण्यातल्या एका पॅकमॅन बेडकाच्या खाण्याचं प्रकरण

बेडकाला खायला घालणारे बहुतेक जण एकच गोष्ट मोजतात: किती खाल्लं. या प्रकरणातला बेडूक भरपूर खात होता, वजन वाढत होतं, पोट गोल होतं. तरीही सहा महिन्यांत त्याच्या जबड्याचं हाड बोटाने वाकेल इतकं मऊ झालं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखा, वजनं आणि आहाराच्या नोंदी त्या कुटुंबाच्या वहीतल्या आहेत.

प्राणी आणि घर

पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारे बहीण-भाऊ. दोघं कॉलेजात. जुलैमध्ये त्यांनी एका हौशी पाळणाऱ्याकडून पॅकमॅन बेडकाचं पिल्लू घेतलं. अंगाची लांबी ४ सेंटिमीटर, वजन १४ ग्रॅम. नाव ठेवलं लाडू.

पॅकमॅन म्हणजे दक्षिण अमेरिकेतला शिंगाळा बेडूक. त्याची हौशी लोकांत सर्वांत जास्त पाळली जाणारी जात सेराटोफ्रिस क्रॅनवेली ही अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हियाच्या ग्रान चाको भागातली. हा शिकारीमागे धावत नाही. मातीत अर्धा गाडून घेतो आणि तोंडासमोरून जे हलेल ते गिळतो. जंगलात त्याच्या खाण्यात इतर बेडकांचा वाटा मोठा असतो. त्याची भूक 'पोट भरलं' या भावनेवर थांबत नाही, त्यामुळे तो खातोय म्हणजे सगळं ठीक आहे, हा निष्कर्ष या जातीत तरी काढता येत नाही.

पेटी दोन फुटी काचेची, खाली ८ सेंटिमीटर कोकोपीट, एक उथळ पाण्याचं भांडं. गरम करण्याची सोय नव्हती. जुलै ते ऑक्टोबर तिची गरजही भासली नाही.

सहा महिने काय खाल्लं

मत्स्यालयाच्या दुकानात ॲरोवाना माशांसाठी सुपरवर्म, म्हणजे एका भुंगेऱ्याच्या जाड अळ्या, मिळतात, डब्यात भुशासकट. स्वस्त, न उडणारे, न ओरडणारे आणि आठवडाभर टिकणारे. लाडूचं मुख्य अन्न तेच झालं. सुरुवातीला एक दिवसाआड २-३, नोव्हेंबरपर्यंत ६-७. जोडीला आठवड्यातून दोनदा ३-४ गप्पी मासे. वरून कुठलीही पावडर नाही, कारण विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि दुकानदाराला ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी गप्पी बंद केले. पेटीतलं पाणी घाण होतं, वास येतो, हे कारण. निर्णय स्वच्छतेचा होता आणि तेवढ्यापुरता रास्तही. पण सबंध मासा म्हणजे हाडांसकट मासा. लाडूच्या ताटातलं कॅल्शियम त्या काट्यांतून येत होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गप्पी गेले आणि उरला तो निव्वळ सुपरवर्म.

सुपरवर्म म्हणजे काय, ते आकड्यांत पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. ताज्या वजनाच्या साधारण १८ टक्के चरबी. रातकिड्यात ती ७ टक्क्यांच्या आसपास असते, गांडुळात २ टक्क्यांहून कमी. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण बेडकाच्या आहारात निदान १ ला १, शक्यतो दीड किंवा २ ला १ हवं. मीलवर्ममध्ये (सुपरवर्मचा छोटा नातलग) ते १ ला १७ च्या घरात जातं, सुपरवर्मचंही त्याच वळणाचं. रातकिड्यात ते १ ला ७. म्हणजे कुठलाच सामान्य किडा आपण होऊन पुरेसा नाही. सुपरवर्म फक्त त्या रांगेत फार मागे उभा आहे. किड्याला हाडं नसतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी झालं की रक्तातली पातळी टिकवायला शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. स्नायूंना, हृदयाला ते लागतंच. त्यामुळे बराच काळ बाहेरून काहीच दिसत नाही. वाढत्या पिल्लात हा उपसा आणखी जोरात असतो, कारण त्याच वेळी हाड लांबही व्हायचं असतं. लाडू सहा महिन्यांत १४ ग्रॅमवरून ७१ ग्रॅमवर गेला. चरबीने आणि मांसाने. सांगाडा मागे पडला.

डिसेंबरात काय दिसलं

वहीतल्या नोंदी अशा:

१२ डिसेंबर: दोनदा झडप घातली, दोन्ही वेळा हुकली.
१५ डिसेंबर: सुपरवर्म तोंडात धरला पण निसटला.
१९ डिसेंबर: तोंड नीट मिटत नाही, खालचा ओठ लोंबल्यासारखा.
२१ डिसेंबर: मागच्या पायाची बोटं थरथरतात, विशेषतः हातात घेतल्यावर.
२३ डिसेंबर: पोट फुगलेलं, शी पाच दिवस नाही.

पुण्यात त्या आठवड्यात रात्री चांगलाच गारठा होता. पेटीतलं तापमान पहाटे १८ अंशांपर्यंत उतरत होतं. या जातीला २४ ते २८ अंश लागतात. त्यामुळे घरात पहिला अर्थ लागला तो थंडीचा. बेडूक थंडीत सुस्तावतात, हे खरंच आहे.

घरातले बारा दिवस

१९ ते ३१ डिसेंबर या काळात जे जे केलं गेलं, त्यातलं बरंचसं कुठल्याही घरात घडेल असंच आहे, म्हणून तपशिलात पाहू.

पहिला उपाय ऊन. आईने सुचवलं की त्याला ऊन दाखवा, ड जीवनसत्त्व मिळेल. पेटी खिडकीत ठेवली. पण ड-३ बनवणारे अतिनील-ब किरण काचेतून पार होत नाहीत, ना खिडकीच्या ना पेटीच्या. उष्णता मात्र होते, आणि बंद काचेच्या पेटीत ती झपाट्याने साठते. अर्ध्या तासात तापमान ३३ अंशांवर गेलं. भावाने हात लावून पाहिलं म्हणून निभावलं.

दुसरा उपाय कॅल्शियम. पक्ष्यांच्या दुकानातून कोंबड्यांचं कॅल्शियम टॉनिक आणलं आणि सुपरवर्म त्यात बुडवून द्यायला लागले. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'कॅल्शियम'. खाली बारीक अक्षरांत फॉस्फरसही. अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी ते ठीक असेल. इथे तराजूचं ज्या बाजूचं पारडं आधीच जड होतं, त्याच बाजूला पुन्हा वजन पडत होतं. शिवाय द्रव किड्याच्या गुळगुळीत अंगावर ठरतच नाही.

तिसरा उपाय आजीचा होता: गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना. पानाबरोबर माणसाला पचतो म्हणून. सुदैवाने तो दिला गेला नाही. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, प्रखर अल्कली. बेडकाची त्वचा पाणी आणि क्षार थेट शोषते. तोंडात किंवा अंगावर चुना म्हणजे भाजणं.

चौथी गोष्ट उपाय म्हणून केलीच नव्हती, पण तिनेच सर्वांत जास्त नुकसान केलं: खायला घालत राहणं. हुकतोय म्हणून चिमट्याने तोंडाशी नेऊन, आणि एकदा जबडा बोटाने उघडून. १८-१९ अंशांत पचन जवळपास थांबलेलं असतं. आत गेलेलं अन्न कुजतं, वायू धरतो. २३ तारखेचं फुगलेलं पोट काही अंशी त्यामुळे असावं. आणि मऊ जबडा जबरदस्तीने उघडणं म्हणजे मोडायला आमंत्रण.

समोर असलेल्या शक्यता

३१ डिसेंबरला बहिणीने सगळं कागदावर मांडलं. तीन शक्यता होत्या.

थंडीची सुस्ती. बाजूने: तापमान, हालचाल मंद. विरुद्ध: थंडीने बोटं थरथरत नाहीत आणि जबडा लोंबत नाही.

आतडं तुंबणं. कोकोपीटचा गोळा किंवा खडा गिळला तर पोट फुगतं, शी थांबते. पेटीत खडे नव्हते, कोकोपीट होतं. ही शक्यता घरात बसून ना ठरवता येणार होती ना सोडता.

हाडांचा आजार. मऊ जबडा, थरथर, हुकणारी झडप, पोटात वायू, सगळं एका धाग्यात बसत होतं. झडप हुकण्याचं आणखी एक कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकतं: जिभेवरच्या चिकट स्रावाच्या ग्रंथी बिघडतात आणि भक्ष्य जिभेला चिकटतच नाही. सुपरवर्ममध्ये वापरता येण्याजोगं अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच, म्हणून तीही शंका कागदावर राहिली.

मार्ग दोन: पेटी गरम करून, खरी कॅल्शियम पावडर आणून घरीच आठवडाभर वाट पाहायची, किंवा विदेशी प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्यांकडे जायचं. पहिल्या मार्गातली अडचण अशी की, आतडं तुंबलेलं असेल तर खाणं चालू राहून ते बिघडणार. दुसऱ्यात प्रवासाचा ताण. थरथर सुरू झालेली असल्यामुळे त्यांनी दुसरा मार्ग घेतला, आणि हा या प्रकरणातला सर्वांत नेमका निर्णय. बोटं थरथरू लागली याचा अर्थ हाडांतला साठाही आता रक्ताची पातळी राखायला अपुरा पडतोय. त्यापुढची पायरी झटके.

नेताना आइस्क्रीमचा झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाला क्लोरीन काढलेल्या पाण्याने ओला केलेला टिश्यू पेपर, बाहेरून टॉवेल, टॉवेलबाहेर कोमट पाण्याची बाटली. डब्यात पाणी ओतलं नाही. अशक्त बेडूक दोन बोटं पाण्यातही बुडून मरू शकतो.

तपासणी

वजन ६८ ग्रॅम. एक्स-रे भूल न देता, वरून एकच. मांडीच्या हाडांच्या कडा जिथे ठळक पांढऱ्या रेषा दिसायला हव्यात तिथे पुसट पेन्सिलीची रेघ होती. खालच्या जबड्याचं हाड जेमतेम दिसत होतं. डाव्या मांडीच्या हाडाला घडी पडलेली, म्हणजे मोडलं पण तुटून वेगळं झालं नाही. आतड्यात वायू होता, खडा किंवा घट्ट गोळा नाही. आतडं तुंबल्याची शक्यता तिथेच संपली.

रक्त तपासलं नाही. रक्तातलं कॅल्शियम हाडांच्या जिवावर बराच काळ ठीक दिसत राहतं, त्यामुळे आकडा चांगला आला असता तरी निदान बदललं नसतं.

पहिले तीन आठवडे

डॉक्टरांनी उपचाराचा क्रम लावून दिला, आणि त्यातला क्रमच महत्त्वाचा आहे.

आधी ऊब. काचेच्या बाजूला, बाहेरून हीट मॅट, थर्मोस्टॅटला जोडलेली, सेन्सर कोकोपीटच्या पृष्ठभागाशी. मॅट तळाखाली लावायची नाही. गरम झालं की हा बेडूक गारवा शोधत खाली उकरतो, आणि खालीच मॅट असेल तर तो उष्णतेकडे जातो व पोट भाजून घेतो. दिवसा २६, रात्री २४.

मग कॅल्शियम. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या सौम्य द्रावणात रोज बसवणं, पाणी नाकपुड्यांच्या बरंच खाली. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या खालच्या पातळ त्वचेतून घेतो, म्हणून हा मार्ग चालतो. सोबत तोंडावाटे कॅल्शियम आणि ड-३ थेंबाने, ओठाच्या कडेला, जबडा न उघडता. मात्रा वजनानुसार डॉक्टरांनी ठरवल्या. त्या इथे देत नाही, कारण ड-३ जास्त झालं तर मूत्रपिंडांत आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं आणि ते परत निघत नाही.

खाणं पहिले सहा दिवस बंद. घरच्यांना हे सर्वांत जड गेलं. 'आधीच अशक्त, त्यात उपाशी?' पण ७० ग्रॅमच्या, अंगावर चरबी असलेल्या बेडकाला आठवडाभर उपास म्हणजे काहीच नाही. पाचव्या दिवशी शी झाली, पोट उतरलं. सातव्या दिवशी पहिलं अन्न: गांडुळाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे.

पेटीही बदलली. कोकोपीट काढून ओला टिश्यू पेपर, रोज नवा. उडी मारायला जागाच नको म्हणून लहान डबा. हाडं मऊ असताना साधी उडीही मांडी मोडू शकते.

नवा आहार

विविध आहार म्हणजे पाच प्रकारचे किडे, अशी समजूत असते. पाचही किडे कोंड्यावर वाढलेले असतील तर बेडकाच्या पोटात पाच वेळा कोंडाच जातो. किड्याने काय खाल्लंय आणि त्याच्या अंगावर काय आहे, हे दोन प्रश्न किड्याच्या जातीइतकेच मोठे. इथे तिन्ही बाजू एकत्र बदलल्या.

*गांडूळ.* मुख्य अन्न. गांडूळखत करणाऱ्यांकडे महाराष्ट्रात दोन जाती सहज मिळतात. छोटं, लालसर, पट्ट्यापट्ट्यांचं आयसेनिया फेटिडा हे डिवचलं की कडवट पिवळा द्रव सोडतं; लाडूने ते थुंकलं, बरेच बेडूक थुंकतात. मोठं, जांभळट युड्रिलस युजेनी मात्र आवडीने खाल्लं. खत केंद्रावरून आणलेली गांडुळं धुवून दोन दिवस ओल्या कागदात ठेवायची, म्हणजे पोटातलं शेण-माती निघून जातं. शेतात औषधफवारणी झालेल्या जागची घ्यायची नाहीत. गांडुळाचं अंग बुळबुळीत असल्याने पावडर लापशी होऊन ओघळते. टिश्यूवर टिपून, पावडरीत लोळवून, लगेच तोंडाशी.

*रातकिडे आणि डुबिया झुरळं.* ही हौशी पैदास करणाऱ्यांकडून. घरातली झुरळं चालत नाहीत, कारण ती जेल किंवा फवारा खाऊन आलेली असू शकतात. या किड्यांना बेडकाला देण्याआधी ४८ तास वेगळं खाद्य:

लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, ७० ग्रॅम. सावलीत वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्याची पूड १५ ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेट १५ ग्रॅम. सगळं मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळायचं. लेयर मॅशमध्ये चुनखडीचे मोठे कण असतात आणि किडे ते बाजूला सारून बाकीचं खातात, म्हणून चाळणं टाळता येत नाही. या मिश्रणात कॅल्शियम ८ ते ९ टक्के भरतं, आणि किड्याच्या पोटातून प्रमाण पालटायला साधारण तेवढंच लागतं.

पहिल्या खेपेला इथे चूक झाली. पाण्यासाठी गाजराचे मोठे तुकडे ठेवले. रातकिडे दोन दिवस गाजरावरच बसून राहिले, मिश्रणाला तोंडही लावलं नाही. नंतर गाजर काढून ओल्या कापसाचा बोळा ठेवला. मिश्रण अर्ध्याहून कमी झालेलं दिसलं. दुसरी बाजूही सांभाळायची: इतक्या कॅल्शियमवर किडे आठवडाभर ठेवले तर मरतात. ४८ तास, मग उरलेले परत नेहमीच्या खाद्यावर. पालक आणि लाल माठ या मिश्रणात मुद्दाम नाहीत. कॅल्शियम असतं, पण ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवतं.

*रेशीम अळ्या.* मऊ, चरबी कमी, आजारी बेडकाला उत्तम. जालना, बीड, बारामती या पट्ट्यात रेशीम शेती आहे आणि ओळखीने अळ्या मिळतात. पण संगोपनाच्या बिछान्यावर चुना आणि निर्जंतुक भुकटी टाकतात. त्या अळ्या सरळ देऊ नयेत. घरी निदान तीन-चार दिवस स्वच्छ तुतीच्या पानांवर ठेवून, रोज पानं बदलून, मग. मरगळलेली अळी आली तर सगळी खेप टाकून द्यावी.

*गप्पी.* परत आले, महिन्यातून दोनदा, पण पेटीत नाहीत. वेगळ्या उथळ भांड्यात लाडूला पंधरा मिनिटं बसवून. गोल्डफिश नाही: त्यात थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं.

*सुपरवर्म.* महिन्यातून एकदा, दोनच. (सुपरवर्म पोट कुरतडून बाहेर येतो, म्हणून त्याचं डोकं चेचून द्यावं, ही हौशी मंडळींतली दंतकथा. त्याचा खरा दोष चरबी आहे.)

उंदराची पिल्लं सुचवली गेली होती. वाढ भरभर होते हे खरं, पण वारंवार दिली तर या जातीत लठ्ठपणा आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर चरबीचे पांढरे डाग येतात. आधीच चरबी साठलेल्या लाडूसाठी हा पर्याय सोडला. पावसाळ्यात कुणीतरी डबक्यातली बेडकाची पिल्लं द्यायलाही सांगितलं. जंगलात हा बेडूक बेडूकच खातो, त्यामुळे सूचना तर्काला धरून वाटते. पण आपले बेडूक धरण्याआड वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ येतो, आणि बेडकांना मारणारी, त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातल्या बेडकांत आढळलेली आहे. उलट दिशेनेही तेच: पेटीतलं पाणी बाहेर नाल्यात किंवा कुंडीत नाही, ब्लीच घालून संडासात.

पावडरींचं वेळापत्रक. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पावडर प्रत्येक जेवणाला; ड-३ असलेली डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांनाच; मल्टिव्हिटॅमिन दहा दिवसांतून एकदा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात आहे का, हे डबीवर वाचून घ्यायचं. निव्वळ बीटा-कॅरोटीन असेल तर बेडकाला त्याचा फारसा उपयोग करता येत नाही. डबीवर उघडल्याची तारीख. सहा महिन्यांनी नवी. पावसाळ्यात गुठळी झालेली डबी मुदतीआधीच टाकायची.

साधी कॅल्शियम पावडर संपली आणि पार्सल अडकलं, तेव्हा समुद्रफेन चालला. आयुर्वेदिक दुकानात किंवा पोपटाच्या पिंजऱ्यात टांगायला मिळतो तो. बहुतांश कॅल्शियम कार्बोनेटच. कडक पाठ काढून मऊ भाग किसायचा, धुवून वाळवून खलात पिठासारखा करायचा, मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ.

पावडर लावायची रीत: बरणीत पाच-सहा किडे, चिमूटभर पावडर, हलक्या हाताने गोल फिरवणं, पाच मिनिटांच्या आत बेडकापुढे. पेटीत मोकळे सोडले तर रातकिडे काही तासांत अंग चाटूनपुसून स्वच्छ करतात आणि रात्री बेडूक खातो तो कोरा किडा. म्हणून चिमट्याने. चिमटा लाकडी किंवा रबरी टोकाचा. हा बेडूक चिमट्यासकट चावतो, आणि लोखंडावर मऊ जबडा दुखावतो. खाणं संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर, खाली एक सपाट फरशीचा तुकडा, म्हणजे कोकोपीट तोंडात जात नाही.

काय झालं

थरथर नवव्या दिवशी थांबली. वजन फेब्रुवारीत ६१ ग्रॅमपर्यंत उतरलं; फुगवटा आणि चरबी गेली, हे अपेक्षित होतं, पण वजनाचा काटा खाली जाताना पाहून घरात पुन्हा सुपरवर्मची भाषा झाली. डॉक्टरांनी पाठीकडून आणि मांडीवरून मांसाची भर दाखवल्यावर ती मागे पडली.

दहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या कडा स्पष्ट रेषा झाल्या होत्या. मोडलेली जागा भरली, वाकलेलीच. जबडा कडक झाला, पण उजवीकडे किंचित तिरपा, आणि तोंड मिटल्यावर एका कोपऱ्यात फट राहते. ती आता तशीच राहणार. पळणारा किडा तो अजून चारांपैकी एकदा हुकवतो, म्हणून चिमटा कायमचा. मार्चमध्ये पेटीवर कमी ताकदीची अतिनील-ब नळी बसवली, जाळीवर, काचेवर नाही. जूनमध्ये ८ सेंटिमीटर, ८४ ग्रॅम. जेवण आठवड्यातून दोनदा, आणि वर्षाखेरपर्यंत आठ-दहा दिवसांतून एकदा करायचं ठरलं.

कुठे वेगळं करता आलं असतं

जुलैमध्ये, पहिल्याच आठवड्यात कॅल्शियम पावडर आली असती तर बाकीचं काहीच लिहावं लागलं नसतं. पण ते सगळ्यांनाच माहीत आहे. जास्त विचार करण्याजोग्या जागा दुसऱ्या आहेत.

गप्पी बंद करताना 'यातून काय जात होतं जे आता जाणार नाही' हा प्रश्न विचारला गेला नाही. आहारातली एखादी गोष्ट काढताना तिच्या जागी काय, हे ठरवल्याशिवाय काढू नये. वेगळ्या भांड्यात मासे देणं तेव्हाही शक्य होतं.

वहीत फक्त वजन होतं. दर पंधरा दिवसांनी लांबीही घेतली असती तर ऑक्टोबरातच दिसलं असतं की वजन दुप्पट होतंय आणि लांबी अडलीय. सोनाराच्या छोट्या काट्यावर वजन, आणि पारदर्शक डब्याखाली आलेखाचा कागद ठेवून लांबी. बेडकाला हातही लावावा लागत नाही.

१२ डिसेंबरची पहिली हुकलेली झडप. हा बेडूक सहसा हुकत नाही. एकदा हुकणं ठीक, सलग तीन जेवणं हुकली तर कारण शोधायला घ्यायचं. इथे १९ दिवस गेले, त्यातले १२ घरगुती उपायांत. त्यात जबडा तिरपा झाला असावा, किंवा बोटाने उघडल्याने. एक्स-रेवरून ते वेगळं करता येत नाही.

आणि थंडी. तापमान १८ वर गेलं त्या दिवशी एक तर पेटी गरम करायची किंवा खाणं थांबवायचं. दोन्ही न करणं हा तिसरा पर्याय नव्हता.

खाणं थांबवायला भिण्याचं कारण नव्हतं, हे घरात आधीच दिसलं होतं. सप्टेंबरात गणपतीसाठी घरचे सगळे नऊ दिवस कोकणात गेले. शेजारच्या काकूंना किड्यांची भीती, आणि त्यांनी काही घालूही नये असं ठरलं. त्यांनी फक्त पाण्याचं भांडं दोन दिवसांआड बदललं, क्लोरीन काढलेल्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या त्यातून. परतल्यावर लाडूचं वजन ३ ग्रॅमने कमी भरलं.